रिपोर्टवर लिहिलं होतं ‘सजेस्टिव्ह ऑफ पीसीओडी’

चार महिने पाळी आली नव्हती आणि मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मला बरंच वाटलं, कारण राज्यसेवेची पूर्व परीक्षा जवळ आलेली, संभाजीनगरात अभ्यासिकेत सकाळी ८ पासून रात्री १० पर्यंत बसायचं, तिथं बाथरूम एकच आणि पोरं-पोरी सगळ्यांना मिळून तेच, त्यामुळं नाही आली तर नाही आली, टेन्शनमुळं होतंय, परीक्षा झाली की येईल असं धरून चालले. रूमवरच्या पोरी पण हेच म्हणायच्या, प्रत्येकीचं काही ना काही पुढंमागं व्हायचंच. पण परीक्षा होऊन गेली, चौथा महिना लागला तरी काही नाही, तेव्हा मात्र रात्री झोप लागेना.

आता मागं वळून बघितलं की कळतं, सांगणाऱ्या गोष्टी आधीपासून होत्या. आयब्रो करायला गेले की पार्लरवाली ताई हळूच विचारायची, हनुवटीचं पण करू का, आधी महिन्यातून एकदा, मग दर पंधरा दिवसांनी. आणि माझी मान. मानेच्या मागं काळपट जाडसर पट्टा दहावीपासून आहे आणि दिवाळीला गावाकडं गेलं की आई मला मोरीत बसवून बेसनपीठ-दही लावून वजरीनं घासायची, “नीट अंघोळ करत जा की गं, पोरीच्या जातीला असं बरं दिसतं का,” म्हणायची. मी रडायचे, मान लाल व्हायची, काळं तसंच राहायचं. तो मळ नव्हताच. शरीरात इन्सुलिन जास्त असलं की कातडी अशी होते, हे मला २३ व्या वर्षी कळलं. ज्या आया आपल्या पोरींच्या माना घासत असतील त्यांनी कृपा करून थांबा, एकदा दाखवून आणा.

मैत्रिणीनं बळंच एका दवाखान्यात नेलं. त्यांनी आधी सोनोग्राफी करून आणा म्हणलं. लिटरभर पाणी पिऊन लघवी तुंबवून बसायचं असतं, कारण लग्न न झालेल्या मुलींची पोटावरूनच करतात. भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ची पाटी, बाकावर सगळ्या पोटुशा बायका आणि मधे मी. काउंटरवरच्या मुलीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, “किती महिने झाले?” मी म्हणलं चार. मग तिचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं ती काय विचारत होती आणि मी काय सांगितलं. तिथून पळून जावं वाटलं, पण पोटात लिटरभर पाणी होतं आणि नंबर पुढचाच होता.

रिपोर्टमधे लिहिलं होतं, दोन्ही ओव्हरी (बीजांडकोश) मोठ्या, उजवी १२ सीसी, डावी ११ सीसी, कडेनं माळेसारख्या बारीक बारीक फॉलिकल्स (बीजाच्या पिशव्या), आणि खाली ‘सजेस्टिव्ह ऑफ पीसीओडी, क्लिनिकल कोरिलेशन अ‍ॅडव्हाइज्ड’. मला त्यातलं फक्त पीसीओडी दिसलं, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हेरियन डिसीज, ओव्हरीचा आजार. दवाखान्यात परत गेले तर डॉक्टरांनी कागद बघितला, माझ्याकडं बघितलं, दोन मिनिटं पण झाली नसतील. “पीसीओडी आहे, वजन कमी कर, या गोळ्या तीन महिने घे, आणि लग्न झालं की सगळं नीट होतं.” मी विचारलं मॅडम हे कशामुळं होतं, तर म्हणाल्या आजकाल सगळ्याच मुलींना असतं. आणि पुढचा पेशंट आत आला पण.

लग्न झालं की नीट होतं, या वाक्याचा मला आजपण राग येतो. लग्नानं थायरॉईड नीट होतो का, शुगर नीट होते का.

रूमवर येऊन मी गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि आईला फोन केला. आई आधी गप्प, मग रडायला लागली, मग विचारलं, “लेकरं होतेत का गं अशा बायांला?” मला कळतंय की तिला दुसरं काय सुचणार, आमच्या परभणीकडं बाईच्या पोटाचा आजार म्हणलं की प्रश्न तिथंच जातो. पण त्या क्षणी मला वाटलं की मी आजारी आहे, मी घाबरलेय, आणि माझ्या आधी माझ्या न झालेल्या लेकरांची चौकशी चाललीय. मी फोन ठेवून दिला. तीन दिवस बोलले नाही.

त्या तीन दिवसात आईनं मावशीला सांगितलं, आणि ते बरं झालं.

माझी मावशी बीड जिल्ह्यातली, वडवणीकडची. मावशी आणि काका वीस वर्षं ऊसतोडीला गेले, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बैलगाडी घेऊन कारखान्यावर. एक दिवस कामाला गेलं नाही तर खाडा, खाड्याचे पैसे कापतेत. अंगावरनं पांढरं जायलंय म्हणून ती एका दवाखान्यात गेली तर तिला सांगितलं पिशवी सडलीय, कॅन्सर होईल, काढून टाक. ती २८ वर्षांची होती. काढली. तेव्हापासून तिची कंबर आणि गुडघे जे गेले ते गेलेच. तिच्या वस्तीवर तिच्यासारख्या कितीतरी जणी आहेत. २०१९ ला सरकारनं यावर समिती नेमली, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा ८२,३०९ बायकांमधे १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हे आकडे माझ्या चालू घडामोडींच्या वहीत निळ्या पेनानं लिहिलेले आहेत, पाठ पण आहेत, आणि पाठ करताना मला एकदाही मावशी आठवली नव्हती.

तिचा फोन आला. “गोळ्या चालू केल्यास का?” म्हणलं नाही अजून. “मंग थांब. आधी दुसऱ्या डाक्टरला दाखव. मला कुणी म्हणलंच नव्हतं की दुसरीकडं विचारता येतंय. एकानं सांगितलं अन् आम्ही टेबलावर जाऊन झोपलोत.” मग थोडा वेळ काही बोलली नाही, आणि म्हणाली, “तू शिकलेली हाईस. तू विचार. समदं विचार.”

दुसऱ्या डॉक्टर मॅडम रूममेटच्या बहिणीच्या ओळखीतल्या. त्यांनी रिपोर्ट घेतला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाल्या हे नंतर बघू, आधी तू सांग. पहिली पाळी कितव्या वर्षी? १३ व्या. मागच्या वर्षभरात किती वेळा आली? मला सांगता येईना. गेल्या पंधरा वर्षातले सगळे करंट अफेअर्स विचारा, पण स्वतःच्या पाळीची तारीख माझ्याकडं लिहिलेली नव्हती. त्यांनी बाहेर बसवलं, म्हणाल्या घाई नाही, आठवून लिही. मग मी मोबाईल काढला आणि मैत्रिणीला पाठवलेले जुने मेसेज शोधले, ‘आज येत नाही पोट दुखायलंय’, मेडिकलवर केलेलं पॅडचं ऑनलाईन पेमेंट, असं करत करत बारा महिन्यातल्या तारखा जुळवल्या. पाच निघाल्या. मधलं अंतर कधी ४७ दिवस, कधी ६०, आणि आता हे चार महिने. मॅडम म्हणाल्या वर्षात ८ पेक्षा कमी पाळ्या किंवा ३५ दिवसांच्या वर अंतर म्हणजे अनियमित, हा झाला एक मुद्दा.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून सविस्तर लिहितेय. नुसत्या सोनोग्राफीवर हा आजार ठरत नाही. तीन गोष्टी बघतात. पाळी अनियमित असणं, पुरुषी हार्मोन म्हणजे अँड्रोजन वाढलेले असणं (मग ते रक्तात दिसो नाहीतर चेहऱ्यावरच्या केसांतून) आणि सोनोग्राफीत ओव्हरी तशी दिसणं. यातल्या दोन पाहिजेत. हे नियम २००३ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला ठरले, आजाराचं वर्णन तर १९३५ पासून आहे. पण त्या दोन गोष्टी दिसल्या तरी आधी बाकीचं नाही ना हे तपासायचं, कारण थायरॉईड बिघडला, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) वाढलं, किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं काही असलं तरी पाळी अशीच लांबते. म्हणूनच रिपोर्टवर ‘सजेस्टिव्ह’ लिहितात, म्हणजे तसं वाटतंय, आणि ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे पेशंटला बघून ठरवा. ती ओळ तिथं पहिल्या दिवसापासून होती, मला कुणी वाचून दाखवली नाही.

अजून एक विचारलं मी, मावशीनं विचारायला सांगितलेलं, सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी काढाव्या लागतात का? मॅडमनी केसपेपरच्या मागं पेनानं गोल काढून दाखवला. गाठी नाहीतच त्या. दर महिन्याला काही बीजं वाढायला लागतात, एक पूर्ण पिकून बाहेर पडतं, तुझ्यात ती अर्धवट वाढून थांबतायत आणि कडेला साठतायत, तीच माळेसारखी दिसतात. काढायचं काही नाही. मी बाहेर येऊन आधी मावशीला फोन केला.

त्या दिवशी गोळ्यांचं बंद पाकीट दाखवलं तर म्हणाल्या बरं झालं सुरू केल्या नाहीस, गोळ्या वाईट नाहीत, पुढं लागतील पण, पण त्या घेतल्यावर हार्मोनच्या तपासण्या नीट येत नाहीत, मग तीन महिने थांबावं लागलं असतं. (कुणाच्या चालू असतील तर माझं वाचून बंद करू नका, तुमच्या डॉक्टरला विचारा.)

तपासणीच्या यादीत पहिलीच प्रेग्नन्सी टेस्ट होती. मला लागलं ते. तोंडावर दिसलं असेल, कारण त्या स्वतःहून म्हणाल्या, पाळी चुकलेल्या प्रत्येकीची करते, माझ्या भाचीची पण केली असती. बाकी थायरॉईड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, १७-ओएचपी म्हणून अ‍ॅड्रिनलची एक, कोलेस्टेरॉल, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची शुगर. ते ग्लुकोजचं पाणी उपाशीपोटी पिणं फार अवघड आहे, अर्ध्यात मळमळायला लागतं, लॅबवाल्या दादांनी लिंबू पिळून दिलं तेव्हा कुठं गेलं. एकूण खर्च साडेचार हजारांच्या वर गेला, मेसचे दोन महिने. बाबांनी कापसाच्या पैशातून पाठवले आणि काय कशाला एक शब्द विचारला नाही.

रिपोर्ट मोबाईलवर आले रात्री ९ ला. प्रोलॅक्टिन ३१, बाजूला लाल अक्षरात ‘हाय’. मी सर्च केलं. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ, एमआरआय, नजर जाणं. रात्रभर बसून होते, रूममेटला उठवलं पण नाही. सकाळी मॅडम फोनवर म्हणाल्या, एवढं थोडं वाढलेलं ताणानं पण येतं, सुई टोचायच्या भीतीनं पण येतं. चार दिवसांनी परत द्यायचं, उठल्या उठल्या नाही, दोन-तीन तासांनी, आणि आधी अर्धा तास शांत बसून. परत दिलं, १८ आलं. नॉर्मल. त्या एका रात्रीसाठी कुणीतरी आधीच सांगायला पाहिजे होतं की लाल अक्षर म्हणजे निकाल नसतो.

शेवटच्या भेटीला आई-बाबा दोघं मराठवाडा एक्सप्रेसनं आले. बाबा कधी माझ्यासोबत दवाखान्यात आले नव्हते, बायकांचा दवाखाना म्हणून ते बाहेरच रसवंतीपाशी उभे राहायला लागले तर मॅडमनी शिपायाला पाठवून आत बोलावलं. थायरॉईड नीट, १७-ओएचपी नीट, प्रोलॅक्टिन नीट. टेस्टोस्टेरॉन थोडं वर. उपाशीपोटी शुगर ९८, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १५२, ती १४० च्या आत पाहिजे. “आता मी म्हणते, हे पीसीओएस आहे,” मॅडम म्हणाल्या (पीसीओडीलाच आता डॉक्टर पीसीओएस म्हणतात), आणि मला, खरंच सांगते, बरं वाटलं. दीड महिना ‘असेल’ आणि ‘नसेल’च्या मधे लटकत होते, आता पाय टेकले.

बाबांना स्वतःला शुगर आहे, दहा वर्षं झाली. मॅडमनी त्यांच्याकडं बघूनच सांगितलं, घरात शुगर आहे म्हणून हिच्यात पण इन्सुलिन नीट लागू पडत नाही, मग शरीर जास्त इन्सुलिन तयार करतं, ते जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला अँड्रोजन बनवायला लावतं, म्हणून बीज पिकत नाही, म्हणून पाळी नाही, आणि मान काळी पण त्यामुळंच. आईनं माझ्या मानेकडं बघितलं. काही बोलली नाही, पण तिनं तिथंच टेबलाखाली माझा हात धरला आणि निघेपर्यंत सोडला नाही.

आईनं तिचा प्रश्न विचारला. मॅडम म्हणाल्या यातल्या बऱ्याच बायकांना मुलं होतात, काहींना बीज पिकायच्या गोळ्या लागतात, त्या वेळचं त्या वेळी बघू, आत्ता पिशवीचं अस्तर महत्त्वाचं, महिनोन्‌महिने पाळी आली नाही तर ते आत जाड होत राहतं आणि पुढं त्रास देऊ शकतं, म्हणून तीन महिन्यांच्या वर कोरडं जाऊ द्यायचं नाही. मग बाबांना विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय? बाबांनी टोपी काढून हातात घेतली, म्हणाले, “लेकरू अभ्यास करू शकंल ना?”

मला तिथंच रडू आलं. मॅडम थांबल्या, मग मलाच विचारलं, झोप लागते का, असं रडू नेहमी येतं का, कशातच मन लागत नाही असं होतं का. या आजारात चिंता आणि डिप्रेशन जास्त दिसतं म्हणून हे पण तपासणीतच धरायचं असतं म्हणाल्या. चार महिन्यात हे विचारणारं पहिलं माणूस.

आधी १० दिवसांची एक गोळी दिली पाळी आणायला. गोळी संपल्यावर पाचव्या दिवशी आली आणि इतकी आली की दोन दिवस उठता आलं नाही. मग इन्सुलिन नीट लागू पडावं म्हणून मेटफॉर्मिनची गोळी, रात्री जेवणासोबत, ५०० मिलिग्रॅमपासून. पहिले दहा दिवस पोट बिघडलं, सारखं पळावं लागायचं, नंतर बसलं. वजन ६८ होतं, मॅडमनी सांगितलं २० किलोचं स्वप्न नको, साडेतीन किलो कमी कर, तेवढ्यानं पण फरक पडतो. आणि कुठलंच एक जादूचं डाएट नाही, रोज चालणं आणि खाण्यात बेतशीरपणा. रीलवर बघून रूममेटनं अडीच हजाराची ‘मुळापासून बरं करणारी’ पावडर मागवलेली, तिच्यातली अर्धी मला देत होती, मी नको म्हणलं.

मेसमधे दोन वेळा भात, बटाटा, मैद्याची पोळी वाटावी अशी पोळी, आणि दिवसाला सहा चहा, हे माझं खाणं होतं. आता एका मावशींकडून ज्वारीची भाकरी घेते, वरण किंवा मटकी, शेंगदाण्याची चटणी असतेच, सकाळी सुशीला खाल्ला तर चुरमुरे कमी आणि सोबत दही-शेंगदाणे. चहा दोन, साखर अर्धी. संध्याकाळी पाऊण तास चालते, वही नाही नेत, सोबत मैत्रीण असते. तीन महिन्यात २ किलो ८०० ग्रॅम.

मधे माजलगावकडून एक स्थळ आलं होतं. आई म्हणाली हे पाहुण्यांना सांगायचं नाही. मी म्हणलं लपवून नाही करायचं मी. दोन दिवस घरात धुसफूस झाली. शेवटी बाबांनी त्यांना फोन करून पोरगी परीक्षा देतीय, एवढ्यात करायचं नाही म्हणून कळवलं. आई अजून पूर्ण पटलेली नाही, मला माहितीय, आणि तो विषय परत निघणार आहे.

पण आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकतं, त्यावर आई दुधाचा हिशोब लिहिते, अर्धा लिटर, एक लिटर, खाडा. मागच्या महिन्यात गावाकडं होते तेव्हा सकाळी पाळी आली, गोळी न घेता, आपली आपण, ३८ व्या दिवशी. आईला सांगितलं तर ती पिठाच्या हातानं उठली आणि दुधाच्या आकड्याखाली पेन्सिलनं एक टिंब दिलं. बाबा तिथंच भाकरी खात बसलेले. त्यांच्यासमोर.

काल मावशीचा फोन होता. तिची सून २६ ची, दोन लेकरं, अंगावरनं जास्त जातंय, आणि तिला पण कुणीतरी पिशवीचं बोललंय. गुरुवारी मावशी तिला घेऊन संभाजीनगरला यायलीय, माझ्या मॅडमकडं. मी म्हणलं आधीचे सगळे कागद आण. मावशी म्हणाली, “कागद घेतलेत. अन् तिला दोन दिवस बसवून सालभराच्या तारखा बी लिहून घेतल्यात.”